पुलास्कीला साल्मन धरायला जाताय? आधी हिशेब मांडा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून दोघं मित्र शुक्रवारी संध्याकाळी एका गाडीतून निघाले, शनिवार-रविवार नदीत उभे राहिले आणि रविवारी रात्री घरी परतले, तर माणशी साधारण ३०० डॉलर लागतात. यात रॉड, रीळ, बूट असलं सामान धरलेलं नाही. ते नव्यानं घ्यायचं तर आणखी साडेतीनशे. एवढं करून मासा मिळेलच असं नाही. कॉस्टकोत साल्मन पाउंडाला दहा-बारा डॉलरनं मिळतो, तेव्हा ‘घरी मासळी येईल, पैसे वसूल होतील’ हा विचार आधीच मनातून काढून टाका. तो हिशेब जुळत नाही. वीस पाउंडांचा मासा दोरी घेऊन खाली पळत सुटतो आणि रीळ किंचाळायला लागतं, त्या दोन-चार मिनिटांचे हे पैसे आहेत. ज्याला ते महाग वाटतात त्यानं कॉस्टकोतच जावं, त्यात काही कमीपणा नाही.

जायचं कुठे, ते आधी सांगतो. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, सिराक्यूजच्या उत्तरेला पस्तीस-एक मैलांवर पुलास्की हे छोटं गाव आहे. टग हिलच्या पठारावरून उतरलेली साल्मन नदी या गावातून वाहत जाऊन ऑन्टारिओ सरोवराला मिळते. नाव साल्मनचं असलं तरी आज तिथे चढणारा मासा मूळचा तिथला नाही. सरोवरातला मूळचा अटलांटिक साल्मन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपला. पुढे १९६०च्या दशकात या मोठ्या सरोवरांमध्ये एलवाइफ नावाच्या बारक्या माशाचं पेव फुटलं. त्याला खाणारं कोणीतरी हवं म्हणून आधी मिशिगननं आणि मागोमाग न्यूयॉर्कनं पॅसिफिककडचे कोहो आणि चिनूक आणून सोडले. ते इथे रुजले. चिनूकला नदीवर सगळे ‘किंग’च म्हणतात. आल्टमार गावातली सरकारी हॅचरी १९८०पासून दरवर्षी पिल्लं सोडते, शिवाय नदीतही नैसर्गिक पैदास होते. राज्याचा विक्रमी किंग, ४७ पाउंड १३ औंसांचा, १९९१मध्ये याच नदीत निघाला. स्टीलहेड म्हणजे सरोवरात जाऊन मोठा होणारा आणि विणीसाठी नदीत परतणारा रेनबो ट्राउट. अंगानं किंगपेक्षा लहान, पण ताकदीनं आणि उड्यांनी त्याला मागे टाकणारा.

आता मोसम. याच एका गोष्टीवर तुमचे पैसे सत्कारणी लागणार की पाण्यात जाणार ते ठरतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिले किंग नदीच्या तोंडाशी दिसू लागतात. खरी झुंबड सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. कोहो त्याच सुमाराला, थोडे पुढेमागे. साल्मनची अंडी खायला ऑक्टोबरात स्टीलहेड मागोमाग येऊ लागतात, नोव्हेंबरात त्यांची संख्या भरते, आणि बरेचसे हिवाळाभर नदीतच राहून मार्च-एप्रिलमध्ये विणतात. आपल्या पंचांगानं सांगायचं तर ढोबळमानानं पितृपक्ष-नवरात्रात किंग आणि दिवाळीच्या पुढे-मागे स्टीलहेड. नवरात्रात मासा न शिजणाऱ्या घरांतली माणसं मासा पकडतात, फोटो काढतात आणि पाण्यात सोडून देतात, असा तोडगा मी पाहिला आहे. देवीला तो कितपत मंजूर आहे ते ज्याचं त्यानं ठरवावं.

ऑक्टोबरातला दुसरा सोमवार जोडून येणारा मोठा वीकएंड मात्र टाळा. मासा तेव्हा खरोखर भरपूर असतो, पण माणसं त्याहून जास्त. काठावर खांद्याला खांदा लावून रांग उभी असते, एकाची दोरी दुसऱ्याच्या दोरीत गुंतते, शिशाची वजनं कानाशी सूं करून जातात. मोटेलवाले दोन-तीन रात्रींचं एकत्र भाडं मागतात आणि तेही चढ्या दरानं. हाच प्रवास सोमवार-मंगळवारी केलात तर खोली स्वस्त, उभं राहायला जागा आणि शेजारी बोलायच्या मनःस्थितीत. रजा टाकणं हा खर्च वाटतो, पण या नदीवर ती सगळ्यात मोठी बचत आहे. माझं मत विचाराल तर नवशिक्यानं साल्मनचा नाद सोडून नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा धरावा. गर्दी ओसरलेली असते, खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि स्टीलहेड खायलाही चांगला. फक्त हवामान पाहून निघा. टग हिलच्या परिसरात सरोवरावरून येणारं बर्फ पडतं तेव्हा तासाभरात रस्ता दिसेनासा होतो. साधे टायर घेऊन तिकडे जाण्यात शहाणपण नाही.

मोसमाइतकंच महत्त्व पाण्याला. ही नदी धरणाखालची आहे. वर वीजनिर्मितीचे दोन जलाशय आहेत आणि खालच्या लाइटहाउस हिल धरणातून जेवढं सोडतील तेवढं पाणी नदीत. सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत किमान सुमारे ३३५ क्यूसेक सोडण्याचं बंधन आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत हजारोंच्या आकड्यांत विसर्ग सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या पुणेकरांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण पुणेकर त्या विसर्गात जाऊन उभे राहत नाहीत. इथे उभं राहायचं असतं, तळाला गोलगोल गुळगुळीत धोंडे असतात आणि पाणी बर्फासारखं गार.

माझा अंदाज असा: ३५० ते ७५० क्यूसेकपर्यंत धडधाकट माणसाला चालत मासेमारी करता येते. ५००च्या आसपास मासाही हलतो आणि माणूसही. हजाराच्या पुढे गेलं की ओळखीची जागा असेल तरच काठाकाठानं. त्याहून वर पैसे देऊन बोटीत बसा किंवा गावात कॉफी पीत बसा. पाणी पुरतं खाली असेल तर तेही फारसं बरं नाही, कारण मासा खोल डोहात दडी मारून बसतो आणि चढत नाही. पाऊस पडून गेल्यावर किंवा विसर्ग वाढवल्यावर सरोवरातून ताजा मासा आत येतो. म्हणून मोटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा, भले पाच-दहा डॉलर जास्त पडोत. नदीचा विसर्ग पाइनव्हिलच्या मापकेंद्रावरून इंटरनेटवर ताजा दिसतो आणि धरण चालवणारी ब्रुकफील्ड कंपनी पुढच्या विसर्गाची माहितीही देते. आल्टमारला सोडलेलं पाणी पुलास्कीत पोचायला काही तास लागतात. सकाळी गुडघ्याला असलेलं पाणी दुपारी मांडीला लागलं तर नदी वेडी झालेली नाही, वर दार उघडलं आहे. पलीकडच्या काठावर जाऊन बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता सामानाकडे वळू. पैसे नेमके चुकीच्या जागी घालवले जातात ते इथे. दुकानात शिरल्याबरोबर हात रॉडकडे जातो. रॉड-रिळाची बरी जोडी शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळते आणि पहिली दोन-तीन वर्षं ती पुरते. चारशेचा रॉड घेतल्यानं मासा जास्त लागत नाही. खरे पैसे पायांवर घाला. छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, म्हणजे वेडर्स, आणि बूट मिळून दीडशेच्या आसपास होतात. त्यावर धातूचे खिळे असलेले क्लीट्स घ्या, साठ डॉलरपर्यंत. साध्या रबरी तळव्यानं त्या धोंड्यांवर दोन पावलंही धड टाकता येत नाहीत. वेडर्सच्या वरून कमरेला पट्टा आवळायचा, म्हणजे पडलात तरी आत पाणी भरत नाही. पट्टा सोबत फुकट मिळतो, आणि नेमका तोच लोक गाडीत विसरतात. पोलरॉइड चष्मा पंचवीस डॉलरचा चालेल. पाण्यातला मासा त्यातून दिसतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे शेजाऱ्याचा उडालेला गळ डोळ्यात जात नाही. जाळं दोघांत एक पुरे, चाळीसेक डॉलर. एकूण बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते ती अशी.

खर्चात दिसत नाही पण खिसा हलका करते ती बारीकसारीक वस्तूंची गळती. गळ, शिशाचे मणी, दोरी हे सगळं तळाच्या दगडांत अडकतं, तुटतं, पुन्हा बांधावं लागतं. दोन दिवसांचे तीस-पस्तीस डॉलर धरून ठेवा. त्यात आमिष आलं. आमिष म्हणजे बहुतेक वेळा साल्मनची गाबोळी. गावातल्या दुकानात काउंटरमागे कोणीतरी बसून पुरचुंड्या बांधत असतो: गुलाबी जाळीचा दोन बोटांचा चौकोन, त्यावर वाटाण्याएवढी चार-पाच केशरी अंडी, चारही टोकं वर, पीळ, वरून लवचिक दोऱ्याचे पाच-सहा वेढे आणि कात्रीचा एक टचका. गाठ मारायची नाही, दोरा ताणून तोडला की आपोआप बसतो. डझनभर विकत घेण्यापेक्षा जाळी आणि दोरा घेऊन रात्री खोलीवर स्वतः बांधा. काम सोपं आहे. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाचा जीव मात्र त्या गाबोळीकडे पाहून कासावीस होतो. तिचं काय करायचं ते पुढे सांगतो.

नियमांत काटकसर नको. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं. मासा तोंडाबाहेर, म्हणजे पाठीत, पोटात, शेपटीत कुठेही अडकला असेल तर तो लगेच सोडावा लागतो, मग तो कितीही मोठा असो. जाणूनबुजून अंगात गळ रुतवून ओढणं, ज्याला तिथे स्नॅगिंग म्हणतात, पूर्वी या नदीवर कायदेशीर होतं, १९९५पासून बंद आहे. आजही कोणी ते करताना दिसतं आणि साध्या कपड्यांतले अधिकारीही दिसतात. रात्री गळ टाकायला बंदी आहे. आल्टमारच्या वरच्या अंगाला दोन टप्पे केवळ फ्लाय-फिशिंगसाठी राखलेले आहेत आणि तिथे मासा ठेवता येत नाही. स्टीलहेड दिवसाला एकच ठेवायचा, तोही ठरलेल्या लांबीचा. गळ केवढा, वजन दोरीवर कुठे बांधायचं, याचे नियम बारीक आहेत आणि अधूनमधून बदलतात. राज्याची नियमपुस्तिका फुकट मिळते. ती घ्या आणि दुकानदाराला आपली बांधणी दाखवून ‘हे चालेल ना?’ असं विचारा. तो वैतागत नाही, रोज तेच ऐकतो.

गाइड घ्यावा का? पहिल्या खेपेला जरूर घ्यावा, आणि हे मी चैनीच्या अंगानं सांगत नाही. ड्रिफ्ट-बोटीतून दोघांना दिवसभर नेणारा गाइड साधारण ४५० ते ६५० डॉलर घेतो, वर पंधरा ते वीस टक्के टिप. माणशी सव्वातीनशेच्या आसपास झाले. म्हणजे सामानावर जेवढे घालणार होतात तेवढेच. रॉड, आमिष, जाळं सगळं त्याचं. वेडर्स नसतील तर काही दुकानांत भाड्यानं मिळतात. त्या एका दिवसात मासा कुठल्या पाण्यात थांबतो, लागला की किती खेचायचं आणि कधी सोडायचं, हे डोळ्यांनी पाहता येतं. हा छंद आपल्याला मानवणारा आहे की नाही, तेही तिथेच कळतं. नाही मानवला तर गॅरेजमध्ये वेडर्स लटकत ठेवण्याची वेळ येत नाही. बुकिंग करताना राज्याचं गाइड-लायसन्स आहे ना ते विचारा. पाणी फार चढलं तर आगाऊ रक्कम परत की पुढची तारीख, तेही लेखी घ्या. आणि गाइड मासा ‘हमखास’ म्हणाला तर दुसरा शोधा.

नदीच्या तोंडाजवळचा एक पट्टा, डग्लस्टन साल्मन रन, खासगी आहे. तिथे रोजची माणसं मोजून सोडतात आणि त्यासाठी वेगळी फी पडते, राज्याच्या एका दिवसाच्या लायसन्सच्या कित्येक पट. सरोवरातून येणारा चांदीसारखा ताजा मासा आधी तिथेच भेटतो, त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला लोक आनंदानं पैसे मोजतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मासा वर पसरलेला असतो, तेव्हा मी तरी ते मोजणार नाही. वर सुमारे बारा मैल काठावर सार्वजनिक मासेमारीचा हक्क आहे आणि पाइनव्हिल, आल्टमार अशा ठिकाणी राज्याचे फुकट वाहनतळ आहेत. पहाटे चारला गाडी लावायला जागा मिळते, सातला मिळत नाही.

राहण्या-जाण्याचं थोडक्यात. एडिसनपासून पावणेतीनशे-तीनशे मैल, स्क्रँटन, बिंगहॅम्टन, सिराक्यूज करत साडेचार-पाच तास. पेट्रोल आणि एका पुलाचा किरकोळ टोल मिळून जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी डॉलर, दोघांत वाटून. मोटेलची साधी खोली मोसमात रात्रीला सव्वाशे ते दीडशे, कर वेगळा. दोघांत माणशी दीडशे झाले. स्वयंपाकाची सोय असलेल्या केबिन चौघांना परवडतात. पहाटे साडेतीनला गावात कॉफी आणि डोनटखेरीज काही मिळत नाही. घरून धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा न्या. गारठलेल्या बोटांनी सँडविचचं प्लास्टिक सोलण्यापेक्षा ते फार बरं. बायकामुलं बरोबर असतील तर आल्टमारची हॅचरी दाखवा. ऑक्टोबरात मासे शिडीवरून उड्या मारत वर येताना आणि कर्मचारी त्यांची अंडी काढताना काचेतून पाहायला मिळतं. प्रवेश फुकट, आणि मुलांना नदीपेक्षा तेच जास्त आवडतं.

आता घरी आणलेल्या माशाचं. नदीत आल्यावर किंग खाणं सोडतो, अंगातल्या चरबीवर जगतो आणि वीण झाली की मरतो. त्यामुळे जसजसे दिवस जातात तसतसा तो काळपट पडतो, मांस फिकं आणि भुसभुशीत होतं. असा मासा घरी नेऊ नका, सोडून द्या. अंग चंदेरी, मांस केशरी असेल तरच ठेवा, लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त काढा आणि बर्फात घाला. बर्फाची पेटी नसेल तर मासा ठेवूच नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ऑन्टारिओ सरोवरातल्या मोठ्या माशांत पीसीबी, डायॉक्सिन, मिरेक्स अशी जुन्या कारखान्यांची रसायनं साठलेली असतात आणि ती चरबीत बसतात. न्यूयॉर्कचं आरोग्य खातं मासागणिक सल्ला प्रसिद्ध करतं. मूल होण्याच्या वयातल्या बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी तो फार कडक आहे, इतरांसाठीही महिन्यात किती वेळा खावा याला मर्यादा आहे. तो चालू वर्षाचा सल्ला वाचल्याशिवाय ताटात वाढू नका. कातडी, पाठीवरची गडद पट्टी आणि पोटाकडची चरबी काढून टाकायची, आणि चरबी गळून जाईल असा भाजायचा, हे खात्याचं सांगणं. आपल्या कालवणात नेमकं उलटं होतं: सगळी चरबी रशात उतरते आणि तो रसा आपण भाताबरोबर शेवटच्या थेंबापर्यंत ओरपतो. म्हणून या माशाचं कालवण नको. मीठ, हळद, तिखट, आमसूल लावून जाळीवर भाजा आणि खाली गळलेलं फेकून द्या. गाबोळीही चरबीयुक्तच, तेव्हा ती पुरचुंडीत बांधून गळालाच लावा.

सिएटलच्या मंडळींना हा सगळा खटाटोप नको, हा मासा त्यांच्याकडे मूळचाच आहे. पण तिथे लायसन्सबरोबर पकडलेल्या साल्मन-स्टीलहेडची नोंद करायचं कार्डही लागतं, रानटी स्टीलहेड सोडून हॅचरीचा, म्हणजे पाठीवरचा मागचा छोटा पर छाटलेला, तेवढाच ठेवता येतो, आणि नदी ऐन मोसमात एका तातडीच्या आदेशानं बंद होऊ शकते. निघायच्या आदल्या रात्री वॉशिंग्टनच्या मत्स्यखात्याचं पान पाहिल्याशिवाय पेट्रोल भरू नका. टोरांटोकरांना क्रेडिट आणि गनारास्का नद्या घराजवळ आहेत, त्यांनी पुलास्कीपर्यंत यायचं काही कारण नाही.

राहता राहिलं लायसन्सचं गणित. न्यूयॉर्कबाहेरच्यांना एका दिवसाचं १० डॉलर, सात दिवसांचं २८, वर्षाचं ५०. न्यूयॉर्कच्या रहिवाशांना तेच ५, १२ आणि २५. न्यू जर्सीहून एकाच शनिवार-रविवारसाठी येत असाल तर एकेका दिवसाची दोन घ्या, २० डॉलरमध्ये काम होतं आणि सात दिवसांच्यापेक्षा आठ डॉलर वाचतात. तीन दिवसांचं फिरणं असेल तर सात दिवसांचं घ्या, दोन डॉलर वाचतात. पण सप्टेंबरअखेर किंग आणि नोव्हेंबरात स्टीलहेड असं दोनदा यायचं पक्कं असेल तर वर्षाचंच घ्या. ते १ जानेवारीला संपत नाही, घेतलेल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं, म्हणजे मार्च-एप्रिलचा स्टीलहेडही त्याच ५० डॉलरमध्ये येतो.